हलक्या खाऊचा जड इतिहास

स्मरणिका समितीने ‘पंचवीस वर्षांतलं खाणंपिणं’ या विषयावर दोन-तीन पानं मागितली, तेव्हा डोळ्यांपुढे पहिल्यांदा आलं ते कोजागिरीचं मसाला दूध आणि विसर्जनाच्या दिवशीची गच्चीवरची मिसळ. पण त्यावर या अंकात निदान चार लेख येणार याची मला खात्री आहे. म्हणून मी लिहिणार आहे मफिनवर. हसू नका. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की मुलांच्या हातात कागदी वाटीतला जो चॉकलेट चिप मफिन पडतो, त्याला आता अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आपल्या सोसायटीने लिफ्टचं कंत्राट तीनदा बदललं, पण मफिन टिकून आहे!

मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. तरी दोन वर्षांपूर्वी बी विंगमधल्या एका चिमुरडीने विचारलं, “आजी, मफिन म्हणजे क्रीम नसलेला कपकेकच ना?” तेव्हा मी सरळ “हो” म्हणून मोकळी झाले. नंतर उत्सुकतेपोटी वाचायला लागले आणि लक्षात आलं की आपण पोरीला चुकीचं उत्तर दिलं. मफिन हा मुळात केक नव्हेच. तो पाव. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि शिरा यांच्यात जेवढं अंतर, तेवढं तरी मफिन आणि केक यांच्यात होतं. ते अंतर कसं मिटलं आणि आपण आपल्या स्वयंपाकघरात ते थोडंफार परत कसं आणलं, ही या लेखाची गोष्ट.

सुरुवात इंग्लंडपासून. तिथला मूळचा मफिन म्हणजे यीस्टने फुगवलेल्या पिठाचा, तव्यावर भाजलेला चपटा गोल पाव. फोडायचा, शेकायचा, लोणी लावून चहाबरोबर खायचा. त्यात साखर नाही, चॉकलेट तर नाहीच नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गल्ल्यांतून मफिनवाले डोक्यावर पाटी घेऊन, हातातली घंटा वाजवत फिरायचे. आपली नातवंडं शाळेत ‘मफिन मॅन’चं जे बालगीत म्हणतात, तो हाच माणूस. गोव्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे चित्र लगेच ओळखीचं वाटेल. सायकलवरून भोंगा वाजवत सकाळी येणारा पोदेर आणि लंडनचा मफिनवाला एकाच जातकुळीतले. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात पाव आला, पण यीस्ट हाताशी नव्हतं, म्हणून पीठ फुगवायला माडाची सूर वापरली गेली. पीठ फुगवायचं कशाने, हा प्रश्न लंडनमध्येही होता, गोव्यातही होता, आणि मफिनचा पुढचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

मराठीत ‘हलकं’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. इडली हलकी झाली म्हणजे छान फुगली, जाळी पडली. आणि आजाऱ्याला हलकं द्या म्हणजे पचायला सोपं, तब्येतीला सोसेल असं द्या. मफिनच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ पुन्हा पुन्हा एकमेकांत गुंततात, ते कसं बघा.

यीस्टने पीठ फुगवायचं तर तासन्‌तास थांबावं लागतं. अमेरिकेतल्या बायकांनी याला एक आडवाट काढली. लाकडाच्या राखेपासून मिळणारा एक क्षार, ज्याला ते पर्लअ‍ॅश म्हणत, तो पिठात घालायचा. आपल्या पापडखाराचा हा लांबचा भाऊबंद. १७९६ साली अमेलिया सिमन्स या बाईंचं ‘अमेरिकन कुकरी’ नावाचं पुस्तक निघालं. अमेरिकेतलं पहिलं स्वदेशी पाकपुस्तक म्हणून ते ओळखलं जातं आणि त्यात हा क्षार घातलेले पदार्थ आहेत. पुढे १८४६ च्या सुमारास तिथे खायचा सोडा पुड्यांतून विकायला आला. आंबट ताक किंवा दूध आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि पीठ काही मिनिटांत फुगतं. दही-सोड्याचा ढोकळा करणाऱ्या कोणाही बाईला हे समजावून सांगायची गरज नाही. यीस्टची वाट न बघता होणारे हे जे झटपट पाव तयार झाले, त्यातलाच एक म्हणजे अमेरिकन मफिन. नाव इंग्लंडचं, पण आतून वेगळाच.

आता बर्मिंगहॅमला चला. तिथे आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत आणि यीस्टही सोसत नसे. म्हणजे कस्टर्ड बंद आणि पावही बंद. नवरा रसायनं जाणणारा. त्याने आधी १८३७ साली बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि मग १८४३ मध्ये यीस्टशिवाय पाव फुगवण्यासाठी बेकिंग पावडर. सोडा आणि त्याला लागणारं आम्ल एकाच कोरड्या मिश्रणात. पाणी लागेपर्यंत दोघं गप्प, पाणी लागलं की कामाला लागतात. मला ही हकीकत फार आवडते. बायकोच्या पथ्यासाठी नवऱ्याने केलेली गोष्ट, आणि आज जगातल्या बहुतेक केकांत ती आहे.

आपल्या पुण्याचा यात एक धागा आहे. १९५६ साली पुण्यात सुरू झालेल्या वेकफील्डची कस्टर्ड पावडर आणि बेकिंग पावडर आपल्यापैकी प्रत्येकीच्या फळीवर कधी ना कधी होती. बर्ड यांनी पत्नीसाठी केलेली ती दोन मिश्रणं शंभरेक वर्षांनी आपल्याच गावात डबाबंद होऊ लागली. फ्रूट सॅलड करताना माझ्या कधी मनातही आलं नव्हतं की हा मुळात एका आजारी बाईचा पदार्थ आहे.

अमेरिकेत त्याच सुमाराला एबेन हॉर्सफर्ड नावाचे हार्वर्डचे प्राध्यापक फॉस्फेटची बेकिंग पावडर करत होते. १८५६ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. त्यांचाही दावा तब्येतीचाच. पांढऱ्या पिठातून दळताना जी पोषक द्रव्यं निघून जातात ती या पावडरीने परत मिळतील, असं ते सांगत. हा दावा आज कोणी तसा करणार नाही, पण प्रश्न त्यांनी बरोबर पकडला होता.

तो प्रश्न त्यांच्याही आधी सिल्व्हेस्टर ग्रॅहम या धर्मोपदेशकाने उचलला होता. १८३७ साली त्याने पावावर एक प्रबंधच लिहिला. बाजारचा पांढरा पाव सोडा, कोंड्यासकट दळलेलं पीठ घरात आणा, घरच्या बाईने घरीच भाजा, असं त्याचं म्हणणं. माणूस जरा अतिरेकी होता. मसाल्यांवर, मांसावर, चहा-कॉफीवरही त्याचा राग. आपल्याकडे येता तर पहिल्याच फोडणीला पळून गेला असता. पण कोंड्यासकट पीठ म्हणजे आपली चक्कीवरची कणीक. जे आपण रोज सकाळी मळतो, त्यासाठी तिकडे चळवळ करावी लागली. ग्रॅहमच्या मागून आलेल्या आरोग्यवाद्यांनी या जाड्या पिठाचे आणि पाण्याचे छोटे छोटे पाव लोखंडी खळग्यांच्या साच्यात भाजायला सुरुवात केली. त्यांना ‘जेम’ म्हणत. १८५९ मध्ये बोस्टनच्या नॅथॅनियल वॉटरमन यांनी अशा साच्याचं पेटंट घेतलं. आज आपण ज्याला मफिनचा ट्रे म्हणतो, तो या साच्यांच्या वंशातला. थोडक्यात, साचा पथ्याच्या पावाचा, आणि त्यात आज आपण ओततो चॉकलेट!

मग येतात फॅनी फार्मर. या बाईंबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण आमच्या घरातल्या हकीकतीशी त्यांचा संबंध आहे. तरुणपणी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शिक्षण थांबलं, चालताना पाय ओढत राहिला. पुढे त्या बोस्टनच्या पाकशाळेत शिकल्या आणि तिथल्याच मुख्य झाल्या. १८९६ साली त्यांचं पाकपुस्तक आलं. त्यात त्यांनी एक गोष्ट ठामपणे रुजवली, ती म्हणजे माप. मूठभर, चिमूटभर, अंदाजाने हे नाही. वाटी भरायची आणि सुरीने वरून सपाट करायची, चमचाही सपाट. त्यांच्या पुस्तकातले साधे मफिन बघितले तर मोठ्या घाण्याला जेमतेम काही चमचे साखर. म्हणजे १८९६ पर्यंत तरी मफिन पावाच्याच घरचा होता. आणि याच बाईंनी १९०४ मध्ये आजारी आणि आजारातून उठणाऱ्या माणसांच्या जेवणावर वेगळं पुस्तक लिहिलं. त्यात मधुमेहींच्या आहारावर स्वतंत्र प्रकरण आहे. इन्सुलिन तेव्हा नव्हतं. ते पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं १९२२ साली. म्हणजे मधुमेहाच्या माणसाला तेव्हा ताटातल्या मापाखेरीज दुसरा आधारच नव्हता.

चॉकलेटचा इतिहास मी थोडक्यात आटोपते, कारण त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. मेक्सिकोकडचं ते कडू पेय. १८२८ साली नेदरलँड्समधल्या व्हान हाउटन यांच्या दाबयंत्राने कोकोतलं तूप वेगळं काढता येऊ लागलं, १८४७ मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीने खायची वडी केली, १८७५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी दूध घातलं. आपल्याकडे कॅडबरी १९४८ मध्ये आली आणि चॉकलेट या वस्तूचंच नाव ‘कॅडबरी’ होऊन बसलं. सहकारी सोसायटीच्या स्मरणिकेत एवढं मात्र नोंदवायला हवं की अमूलचं चॉकलेटही सहकारातलं आणि कर्नाटकातल्या पुत्तूरला १९८६ मध्ये उभा राहिलेला कॅम्पकोचा कारखानाही सुपारी-कोको उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा. आपल्याला गच्चीची गळती थांबवायला तीन सर्वसाधारण सभा लागल्या. असो.

आता चिप्स. १९३० साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावाजवळ केनेथ आणि रूथ वेकफील्ड या जोडप्याने ‘टोल हाउस’ नावाची खाणावळ सुरू केली. हो, वेकफील्डच. पुण्याच्या डब्याशी नातं काही नाही, स्पेलिंगही वेगळं, पण योगायोग मोठा गमतीचा. चॉकलेट चिपबद्दल जी दंतकथा सांगतात ती अशी की बाईंच्या घरातलं नेहमीचं चॉकलेट संपलं, त्यांनी वडी फोडून पिठात टाकली, वाटलं वितळेल, पण तुकडे तसेच राहिले आणि अपघाताने शोध लागला. मला ही दंतकथा कधीच पटली नाही. रूथबाई गृहशास्त्र शिकलेल्या, आहारतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या, खाणावळ चालवणाऱ्या. त्यांना वडी वितळते की नाही हे ठाऊक नव्हतं? त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं होतं की आधीच्या एका बिस्किटापेक्षा वेगळं काही द्यावं म्हणून त्या प्रयत्न करत होत्या. बाईने विचार करून, चार वेळा करून बघून काढलेल्या पदार्थाला ‘चुकून झालं’ म्हणायची जगाला फार हौस. आपल्या आईच्या, सासूच्या किती पाककृतींवर असा ‘हाताला चव आहे’ म्हणून शिक्का मारून आपण त्यांची मेहनत झाकली, ते आठवा.

१९३८ मध्ये ही कृती त्यांच्या पुस्तकात छापली गेली. नेस्लेच्या चॉकलेटचा खप वाढला, कंपनीने १९३९ मध्ये त्यांच्याशी करार करून कृती वेष्टनावर छापली. आधी वडीला खाचा पाडून तुकडे करायची सोय केली, मग तयार दाणेच पाकिटात भरून विकायला सुरुवात झाली. ते दाणे म्हणजे चिप्स. बिस्किटांतून ते मफिनमध्ये आले. आणि इथून पुढे मफिन पावाचं घर सोडून केकच्या घरी राहायला गेला.

किती गेला? अमेरिकेच्या सरकारी आरोग्यखात्याने एक तुलना प्रसिद्ध केली होती. वीस वर्षांपूर्वीचा मफिन सुमारे दीड औंसाचा, म्हणजे चाळीसेक ग्रॅमचा, २१० कॅलरींचा. नंतरचा चार औंसाचा आणि ५०० कॅलरींचा. नाव तेच, नग तोच, पण पोटात गेलं अडीचपट. आपल्याकडे कॉफीच्या दुकानांतून जो मफिन आला तो हा फुगलेला. आमच्या पिढीला वाटलं मफिन म्हणजे मुठीएवढाच असतो. मग १९९०च्या दशकात तिकडे चरबीविरहित पदार्थांची लाट आली. लोणी काढलं, बरं झालं, पण चव राखायला अनेकांनी साखर वाढवली. पाकिटावर ‘लाइट’ लिहिलेलं असतं, त्याच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायची सवय मला तेव्हाच्या या गोष्टी वाचून लागली.

आता आपल्या गावात या. आमच्या लहानपणी घरात भट्टी किंवा ओव्हन ही कल्पनाच नव्हती. भाजून आणायचं ते बेकरीत. दिवाळीच्या आधी आठ दिवस आई रवा, मैदा, पिठीसाखर, तूप किंवा डालडा पितळी डब्यांत भरून द्यायची आणि आम्ही भावंडं बेकरीच्या दारात रांग लावायचो. पत्र्याच्या ताटल्यांवर नानकटाया, त्यात घरच्या नावाची चिठ्ठी. भट्टीतून ताटली बाहेर आली की चिठ्ठी करपलेली आणि आपली नानकटाई कोणती यावरून वाद. कॅम्पातल्या बेकऱ्या वेगळ्या. १९५५ पासूनच्या कयानीतली श्रूजबेरी बिस्किटं पाहुण्यांसाठी. मुंबईला मामाकडे गेलं की ग्रँट रोडच्या मेरवानचा मावा केक. ते दुकान १९१४चं. कागदी वाटीतला तो मावा केक हा माझ्या मते आपल्या लोकांनी पाहिलेला मफिनचा पहिला चेहरा. पण तो हलका मुळीच नव्हे. मावा, लोणी, अंडी, सगळं मुक्त हस्ताने. वर्षातून एकदा खायचा आणि वर्षभर आठवायचा, असा.

घरी केक व्हायला लागला तो कुकरमध्ये. शिट्टी काढून, तळाला वाळू किंवा मीठ घालून. मग आला अ‍ॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन, वर काचेची टिकली असलेला. आपल्या इमारतीत आम्ही राहायला आलो तेव्हा असा ओव्हन एकाच घरी होता, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे. जून-जुलैमध्ये वाढदिवस फार. संध्याकाळी जिन्यातून झाकलेली भांडी वर जायची आणि व्हॅनिलाचा वास खाली यायचा. बेकरीच्या रांगेचंच हे घरगुती रूप, फक्त चिठ्ठ्या नव्हत्या. त्या वहिनी आता मुलीकडे कॅनडाला असतात. वीजबिल त्यांनी कधी कोणाकडे मागितलं नाही, हे या निमित्ताने लिहून ठेवते.

आता आमच्या घरातलं. तेरा वर्षांपूर्वी ह्यांना मधुमेह निघाला. उपाशीपोटीची साखर १६८. हे बँकेतून निवृत्त, शिस्तीचे, त्यामुळे गोळ्या, चालणं, पथ्य सगळं वेळच्या वेळी. त्रास कशाचा झाला असेल तर सोसायटीच्या वाढदिवसांचा. सगळ्या मुलांचे हे आजोबा. केक कापला की पोरं पहिली बशी घेऊन यांच्याकडे धावायची. “नको रे, पोट भरलंय,” असं दोनदा-चारदा सांगून झालं. मुलांचे चेहरे पडायचे, मोठी माणसं “घ्या हो, एवढ्याने काय होतंय” म्हणायची. पुढे पुढे मेणबत्त्या लावायची वेळ झाली की हे हळूच उठून घरी यायला लागले. काही बोलायचे नाहीत. वर येऊन पेपर उघडून बसायचे. खालून टाळ्यांचा आवाज यायचा आणि पेपरचं पान काही उलटायचं नाही. साखरेचा आकडा मला तेवढा लागला नाही, जेवढं हे लागलं.

आहारतज्ज्ञांना विचारलं. त्या म्हणाल्या, “काकू, कधीतरी चालेल, पण काय आणि किती, हे तुमच्या हातात असायला हवं.” विकतचं कसं असणार हातात? तिथून घरी प्रयोग सुरू झाले. मी अंदाजाने घालणारी, हे तराजूने मोजणारे. पोस्टाची पाकिटं तोलायचा छोटा काटा होता, त्यावर चॉकलेट चिप्स तोलून वहीत मांडायचे, बँकेच्या खात्यासारखे जमा-खर्च. फॅनी फार्मरचं नाव तेव्हा आम्हा दोघांना माहीत नव्हतं, पण आमचे हे त्यांचेच शिष्य निघाले.

वहीप्रमाणे बारा छोट्या मफिनचा हिशेब असा. दीडशे ग्रॅम कणीक, बारीक चाळून. दीड चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, चमचे चहाचे आणि सपाट. दुसऱ्या भांड्यात दोनशे ग्रॅम ताजं दही, तीन मोठे चमचे शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल, पंचाहत्तर ग्रॅम साखर, एक पिकलेलं केळं कुस्करून, लागेल तसं पाऊण वाटीच्या आत दूध. अंडं नाही, कारण आपल्या इमारतीत निम्मी घरं खात नाहीत आणि दह्यामुळे त्याची उणीव भासत नाही. दोन्ही भांडी एकत्र केली की फार ढवळायचं नाही. दहा-बारा वेळा उलथनं फिरवा, गुठळ्या राहिल्या तरी राहू देत. कणीक मळली की चिवट होते हे पोळ्या करणारीला ठाऊकच आहे, इथे तो चिवटपणा नको. मग साठ ग्रॅम चिप्स, त्यातल्या चमचाभर वरून लावायला ठेवायच्या. १८० अंशांना वीस मिनिटं. विणकामाची सुई घालून बघा, कोरडी आली की झालं.

पहिल्या तीन खेपा फसल्या, तेही सांगते. पहिल्या वेळी पीठ पातळ झालं आणि सगळ्या चिप्स तळाशी बसल्या. दुसऱ्या वेळी मी उत्साहात इलेक्ट्रिक बीटर लावला आणि मफिनचे चेंडू झाले, टप्पा घेतील असे. तिसऱ्या वेळी सोडा जास्त पडला, वास आला, ह्यांनी न बोलता अर्धा खाल्ला आणि वहीत ‘सोडा कमी’ अशी नोंद केली. चौथी खेप जमली.

एका मफिनमध्ये सुमारे दीडशे कॅलरी आणि सगळी धरून दोन लहान चमचे साखर, असा यांचा हिशेब निघाला. केळ्यातली वेगळी. हे औषध नव्हे, हे मी सगळ्यांना बजावते. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून हलकं होत नाही, हा गैरसमज आपल्या भिशीत फार आहे. रंग छान येतो एवढंच. आणि चिप्स घेताना पाकीट उलटून बघा. कोको बटर लिहिलेलं आहे की वनस्पती तूप, ते. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त चिप्स दुसऱ्या जातीच्या असतात. २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची सरकारी मर्यादा आली हे चांगलंच झालं, तरी वाचायचा कंटाळा करू नका. त्यापेक्षा साध्या डार्क चॉकलेटची वडी आणून सुरीने चिरा. वेकफील्डबाईंनी तेच केलं होतं. चुरा सगळीकडे पसरतो आणि थोडक्यात काम होतं.

ह्यांच्या वाट्याला अर्धा मफिन, तोही चालून आल्यावर. ए विंगमधल्या जुळ्यांच्या वाढदिवसाला मी ताट भरून खाली घेऊन गेले. केक कापला, पोरं नेहमीसारखी धावली, आणि हे खुर्चीवरून उठले नाहीत. “आज मी माझा आणलाय,” म्हणाले. पोरांनी केक टाकून मफिनचं ताट रिकामं केलं. पुढच्या २६ जानेवारीला तेव्हाच्या सेक्रेटरींनीच विचारलं, “काकू, दीडशे जमतील का?” तेव्हा सात घरांतले ओव्हन एकदम चालू झाले आणि सी विंगचा फ्यूज गेला, ते आठवत असेल अनेकांना.

हे जाऊन आता चार वर्षं होतील. वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर ह्यांच्या अक्षरात ‘दूध १० मिलि कमी करून पाहणे’ एवढंच आहे. करून पाहिलं. बरोबर होतं.

यंदा रौप्यमहोत्सवासाठी तीनशे वीस मफिन करायचे ठरले आहेत. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी २४ तारखेपर्यंत नाव नोंदवावं, म्हणजे एकाच विंगवर भार येणार नाही. माझ्याकडे बाराचे चार साचे आहेत, कधीही मागून न्या. फक्त परत देताना लोखंडी घासणीने घासू नका, आणि वही मात्र घरी येऊनच उतरवून घ्यायची, ती बाहेर जाणार नाही.